माझी मत कुठे टाकू?

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसची मेल आली आणि इंग्लंडमधल्या आमच्या बेसिंगस्टोकच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात एकदम बँकॉक येऊन बसलं. दोन वर्षांचं पोस्टिंग, राहायला कंपनीचं घर, मुलीच्या शाळेची फी कंपनीकडे. मी भेंडी चिरता चिरता मेल मोठ्याने वाचून दाखवली. निखिल, म्हणजे माझा नवरा, लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बघू." आमच्या घरी 'बघू' म्हणजे नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्याचा प्रत्येक 'बघू' मला पाठ आहे.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सानू बसून सगळं ऐकत होती. सानवी, वय वर्षं अकरा, जन्म इथलाच. मराठी छान बोलते, फक्त तिच्या मराठीत गाडी 'तो' असतो आणि घर 'ती' असते. सप्टेंबरमध्ये तिची सेकंडरी शाळा सुरू होणार होती, जिवलग मैत्रीण मेगनबरोबर, एकाच बसने. पोरीचा चेहरा बघून मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, "तुझं मत पण महत्त्वाचं आहे हं, सानू." पाहुणे दारात चपला घालत असताना आपण 'या हं परत' म्हणतो ना, अगदी त्या सुरात.

"प्रॉमिस?" तिने विचारलं.

"प्रॉमिस," मी म्हटलं आणि भेंडी फोडणीला टाकली.

मग सुरू झालं माझं संशोधन. परदेशी जाऊन राहिलेल्या लोकांचे थायलंडवरचे व्हिडिओ किती आहेत म्हणून सांगू! नारळाच्या झाडाखाली बसलेला एक गोरा म्हणतो, स्वर्ग आहे, या. तसल्याच झाडाखालचा दुसरा म्हणतो, येऊ नका, पस्तावाल. तिसरा तिथल्या राजकारणावर अर्धा तास बोलतो आणि शेवटी सांगतो की त्याला थाई वाचता येत नाही. खाली कॉमेंट्समध्ये सगळे एकमेकांच्या उरावर बसलेले. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुण्यातही पुष्कळ पाहिलेत, पण एवढे उंट एका जागी पहिल्यांदाच बघितले.

तेव्हा मी ठरवलं की हाडामांसाच्या माणसांना भेटायचं. मे महिन्याची बँक हॉलिडे आलीच होती, शनिवार ते सोमवार. थायलंडमध्ये खरोखर राहिलेली, गाडीने गाठता येतील अशी दोन घरं मला ठाऊक होती, एक लंडनच्या पिनरला, एक वेल्समधल्या कार्डिफला. तर हे थायलंडला न जाता केलेल्या थायलंडच्या प्रवासाचं वर्णन आहे. कुणी अशाच पेचात असेल तर उपयोगी पडेल.

आता एक गोष्ट इथेच कबूल करून टाकते. मंगळवारी सकाळी दहापर्यंत उत्तर द्यायचं असं मी घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे बुधवारीच माझ्या मॅनेजरने, हेलनने, कॉफी घेता घेता विचारलं होतं, "मग, जाणार ना?" आणि मी "हो" म्हणून मोकळी झाले होते. नुसतं हो नाही, "घरचे सगळे खूश आहेत" असंही वर. तेरा वर्षं मी या बिझनेस पार्कात इमानेइतबारे काम केलंय, पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी मोठं देत होतं, जीभ आवरलीच नाही. घरी मात्र ताकाला तूर लागू दिली नाही. माझ्या लेखी हा प्रवास ठरवण्यासाठी नव्हताच, त्या दोघांचं मन वळवण्यासाठी होता.

शनिवारी आठला निघालो. बेसिंगस्टोकच्या राउंडअबाउट्सना प्रदक्षिणा घालून एकदाचे एम थ्री हायवेला लागलो, मग एम पंचवीस. रस्ता बरा असेल तर पिनरला सव्वा तासात पोचता. पण पिनर लंडनच्या यूलेझमध्ये, म्हणजे प्रदूषण-कराच्या हद्दीत येतं, जुनी डिझेल गाडी असेल तर दिवसाचे साडेबारा पौंड बसतात, आधी नंबर तपासून घ्या. आमचा पेट्रोलचा खटारा सुटला. डब्यात थालीपीठं, थर्मासमध्ये चहा. मागच्या सीटवर सानू नवी वही घेऊन बसली होती. मधोमध पट्टीने रेघ, एका बाजूला 'फॅक्ट', दुसऱ्या बाजूला 'ओपिनियन'. शाळेत शिकवतात त्यांना.

"आई, मी सगळं लिहिणार. म्हणजे मला नीट ठरवता येईल," ती म्हणाली.

"लिही की," मी म्हटलं. मला गंमत वाटली. तिला गंमत वाटत नव्हती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पिनरचे उपासनी काका-काकू आमचे दूरचे नातलग. काका रंगांच्या कंपनीत होते, चौदा वर्षं बँकॉकला काढली, मग मुलगा इकडे म्हणून इकडे आले. घरात शिरल्या शिरल्या काकांनी सुरुवात केली.

"स्वर्ग आहे गं केतकी, स्वर्ग! माणसं शांत. चौदा वर्षांत ऑफिसात कुणी आवाज चढवलेला ऐकला नाही. डोळे मिटून जा."

"यांना ड्रायव्हर होता," काकू आतून म्हणाल्या. "मला नव्हता. तेवढं सांगा पोरीला."

सानूने पेन्सिल वर केली. "आजोबा, स्वर्ग हा फॅक्ट आहे की ओपिनियन?"

काका हसत सुटले. "लिही बाळ, ओपिनियन."

"आणि ड्रायव्हर?"

"तो फॅक्ट!" काकू आतून ओरडल्या.

जेवायला आमटी-भात, मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर. निखिल कमी बोलतो, पण नेमकं विचारतो. त्याने विचारलं, "आणि काका, राजकारण? तिथे कसं असतं?" त्यावर काकांनी इकडेतिकडे बघून एकदम आवाज खाली आणला.

"अहो, पिनरमध्ये आहात तुम्ही," काकू म्हणाल्या.

"सवय गं," काका ओशाळले. "काही विषयांवर तिथे बोलायचं नसतं, कायदाच तसा आहे. ज्यावर बोलता येतं त्यावर मात्र आम्ही बोलायचो बाबा! दर शुक्रवारी क्लबात आम्ही आठ-दहा भारतीय आणि चार गोरे जमायचो आणि जेवण येईपर्यंत तिथलं सरकार दोनदा पाडून परत बसवायचो. वाढायला एक सोमचाय म्हणून होता. मी त्याला माझं सगळं तत्त्वज्ञान ऐकवायचो आणि तो हसून म्हणायचा, 'ख्रप, ख्रप.' मला वाटायचं, पटतंय याला. निघायच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं की 'ख्रप' म्हणजे दर वेळी हो नसतं. पुष्कळदा नुसतं 'ऐकलं बरं का' एवढंच असतं. चौदा वर्षं मी त्या माणसावर मतं ओतली. एकदाही विचारलं नाही की बाबा रे, तुझं मत काय?"

सानू लिहायची थांबली. "त्याला मत नव्हती?"

"नव्हतं," मी सवयीने चूक सुधारली. "ते मत."

"होतं की गं बाळ," काका म्हणाले. "पण कुणी मागायला नको का?"

सानूने हे बराच वेळ लिहिलं. फॅक्टच्या बाजूला, मी तिरक्या नजरेने पाहिलं.

जेवण झाल्यावर काकूंनी मला खिडकीतल्या दोन कुंड्या दाखवल्या. दोन्हीत तुळस. "पहिल्या महिन्यात यांच्या साहेबाने जेवायला नेलं," त्या सांगू लागल्या. "भातावर काहीतरी परतलेलं आलं. वास ओळखीचा. बघते तर तुळस! कोंबडीत परतलेली! अगं, मी ताटावरून उठून बाथरूममध्ये जाऊन रडले. म्हटलं, कुठल्या मुलखात आणलं मला. मग घरी कामाला एक बाई होती, ती माझ्या वृंदावनातली पानं खुडायची तिच्या जेवणाला. मी ओरडायची, ती हसायची, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. शेवटी मी दोन कुंड्या केल्या. एक देवाची, एक पोटाची. त्या दिवसापासून बघ, मला तिथे झोप लागायला लागली." मग हळूच म्हणाल्या, "जा तू. पण पोरीला उगाच स्वर्ग-बिर्ग सांगू नकोस. माझी पहिली दोन वर्षं वाईट गेली, यांनी घरी पत्रात लिहिलं, सगळे मजेत आहोत."

मी "हो काकू" म्हटलं. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं यांना माझं सगळं कळलंय. निघताना त्यांनी पोटाच्या कुंडीतलं एक रोप ओल्या कापडात गुंडाळून सानूच्या हातात दिलं.

पिनरहून कार्डिफ म्हणजे सरळ एम फोर, अडीच ते तीन तास. हायवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये खाऊ नका. तिघांच्या सँडविच-कॉफीत घरचं आठवड्याचं दूध येतं. उरलेली थालीपीठं आम्ही पार्किंगमध्ये खाल्ली. सेव्हर्नवरच्या मोठ्या पुलाला आता टोल नाही, आणि ऊन असेल तर खालचं चिखलाळ पाणी चक्क चांदीसारखं दिसतं. पूल संपला की वेल्स सुरू, पाट्या इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत. रस्त्यावर पांढऱ्या अक्षरात ARAF लिहिलेलं, उच्चार 'अराव्ह', म्हणजे हळू. वस्तीत वीसचा स्पीड आहे, कॅमेरे जागे असतात. सानूला तो 'अराव्ह' इतका आवडला की निखिलने जरा वेग घेतला की मागून आवाज यायचा, "बाबा, अराव्ह!" हॉटेल साधंच, फॅमिली रूमचे दोन रात्रींचे एकशे चाळीस, नाश्ता वेगळा. रोप ग्लासात ठेवलं.

रविवारी सकाळी ग्लिन भेटला. इथे आले तेव्हाचा माझा पहिला मॅनेजर, मूळचा कार्डिफचा. निवृत्त झाल्यावर थायलंडच्या उत्तरेत चिआंग मायला सहा वर्षं राहून आला. वयाने माझ्या वडिलांएवढा असेल, पण इंग्रजीत सगळेच 'यू', म्हणून मनातही मी त्याला अरेतुरेच करते. टाफ नदीच्या काठाला रविवारचा बाजार भरतो, तिथे त्याने बोलावलं होतं. चीज, मध, ब्रेड, तव्यावरचे गरम वेल्श केक. आपल्या खारीइतके नसतील, पण चहाबरोबर झकास लागतात.

"खरं सांगायचं तर," ग्लिन म्हणाला, "मी तिथे सुखात होतो. आणि पाहुणा होतो. पाहुण्याला घर नेहमी छान दिसतं, भांडी कुणीतरी दुसरं घासतं ना."

"मग परत का आलास?" निखिलने विचारलं.

"गुडघा, आणि नातवंडं," ग्लिन म्हणाला. "आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की माझ्या टेबलाशी बसलेले सगळे थायलंडबद्दल बोलतायत आणि त्यांच्यात एकही थाई माणूस नाही. मीही त्यातलाच. त्यांच्या निवडणुकीवर माझं ठाम म्हणणं होतं, आणि घरमालकिणीचं नाव मला नीट उच्चारता येत नव्हतं." मग तो उठला. "चला, जिला खरोखर माहितीये तिच्याकडे नेतो. माझं ऐकू नका."

बाजाराच्या टोकाला एका स्टॉलवर एक पन्नाशीची ठेंगणी बाई मोठ्या कढईत काहीतरी परतत होती. नोई तिचं नाव. आम्ही तोंड उघडायच्या आत तिने सानूकडे बघून विचारलं, "जेवलीस का, कारियाद?" कारियाद म्हणजे वेल्शमध्ये सोन्या, बाळा. इंग्रजी अस्सल कार्डिफचं, आणि प्रश्न अस्सल माझ्या आईचा.

"थायलंडमध्ये असंच विचारतात," नोई म्हणाली. "किन खाव रू यांग. कशी आहेस विचारलं तर माणूस खोटं बोलतो. जेवलीस का विचारलं तर खोटं बोलता येत नाही, पोट दिसतं."

आम्ही तिघांनी तीन प्लेट घेतल्या, प्रत्येकी नऊ पौंड, पोटभर. वास आला आणि सानू किंचाळली, "आई, तुळस!" कढईत खरंच तुळसच होती. मी मनातल्या मनात हात जोडले आणि खाल्ली. काकूंची माफी मागून सांगते, अप्रतिम लागते.

सानूने वही काढली. "तुम्हाला काय वाटतं, थायलंड कसं आहे?"

"सगळे विचारतात," नोई हसली. "मी सांगते, गरम. माझी मावशी तिकडून विचारते, कार्डिफ कसं आहे. मी सांगते, ओलं. राजकारण विचारलंस तर मी कढई हलवते."

"तुम्ही इकडे कधी आलात?"

"तुझ्याएवढी होते. अकरा." तिने आच कमी केली. "माझ्या आईने इथल्या माणसाशी लग्न केलं. मला सांगितलं, सुट्टीला जातोय. मी एका पिशवीत दोन फ्रॉक आणि पोहायचा ड्रेस भरला. मैत्रिणींना नीट बाय पण केलं नाही, म्हटलं, येतेच की." आणि ती हसत हसत म्हणाली, "चाळीस वर्षं झाली. सुट्टी चालूच आहे."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. सानू तिच्याकडे टक लावून बघत होती.

"तुम्हाला आधी विचारलं असतं तर?" सानूने विचारलं. "तर तुम्ही नाही म्हणाला असता?"

नोईने खरोखर विचार केला. "नाही गं. हो म्हटलं असतं. आईवर माझा फार जीव होता. पण ते मला म्हणू द्यायला हवं होतं ना."

पुढच्या गिऱ्हाईकाला भात वाढायला ती वळली. ग्लिन मला विचारत होता, ऑफर कशी आहे, घर कुठे देतायत. मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही.

ग्लिनचा निरोप घेऊन दुपारी आम्ही कार्डिफ बेला गेलो. तिथल्या बराजवर, म्हणजे बंधाऱ्यावर चालायला जरूर जा, फुकट आहे. एका हाताला शांत तळं, दुसऱ्या हाताला उधळलेला समुद्र, आणि वारा असा की टोपी घातलीत तर गेलीच म्हणून समजा. एका बाकावर बसलो. सानूने वही उघडली, दोन्ही रकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, मग मागचं कोरं पान फाडलं, हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, माझी मत कुठे टाकू?"

"माझं मत," निखिल म्हणाला. "आणि टाकू काय? सांग की."

"सांगायची नसते. सिक्रेट असते. मतपेटी कुठे आहे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या महिन्यात तिच्या रविवारच्या मराठी वर्गात वर्गप्रमुखाची निवडणूक झाली होती. बुटांच्या खोक्याला फट पाडून मतपेटी, बोटाला जांभळ्या पेनाची शाई, सगळं साग्रसंगीत. सानू दोन मतांनी पडली आणि तासभर रडली होती. तिच्या मराठीत मत म्हणजे एकच गोष्ट होती, पेटीत टाकायची ती. जे आपल्याला वाटतं, त्याला ती ओपिनियन म्हणते. मी मंगळवारी भेंडी चिरताना म्हटलं, तुझं मत महत्त्वाचं आहे, आणि माझ्या लेकीने ऐकलं, तुला व्होट आहे. आई एक, बाबा एक, सानू एक. आई हो, बाबा बघू, म्हणजे ठरवणार सानूच. म्हणून ती वही. म्हणून ते फॅक्ट आणि ओपिनियन. अकरा वर्षांची पोर पाच दिवस ते ओझं घेऊन फिरत होती आणि मला गंमत वाटत होती.

त्या क्षणी मला सहज वेळ मारून नेता आली असती. पेटी घरी करू म्हटलं असतं, झालं. पण डोळ्यांसमोरून नोईच्या पिशवीतला तो पोहायचा ड्रेस हलेना.

"सानू," मी म्हटलं, "मी बुधवारीच हेलनला हो सांगितलंय."

निखिलने माझ्याकडे मान वळवली.

"म्हणजे... आधीच?" सानू म्हणाली.

"हो. आणि सगळे खूश आहेत असं पण सांगितलं."

"मग हे इलेक्शन फेक आहे," ती म्हणाली. ओरडली नाही, रडलीही नाही. घडी घातलेला कागद खिशात टाकला, उठली आणि पुढे चालायला लागली.

"मला तरी सांगायचंस, केतकी," निखिल म्हणाला. "मी नाही म्हटलं असतं तर भांडलो असतो आपण. भांडण परवडलं असतं मला." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला लागलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. दोन दिवस मी सगळ्या जगाकडून थायलंडचं सत्य वसूल करत हिंडत होते, आणि सगळ्यात मोठी थाप माझ्याच खिशात होती.

मी तिथेच वाऱ्यात पाठमोरी उभी राहून हेलनला मेसेज केला. बुधवारी मी घाई केली, घरच्यांना विचारलंच नव्हतं, ते हो धरू नकोस, मंगळवारी खरं उत्तर देते. आमच्याच टीममधला एकजण याच पोस्टिंगवर डोळा ठेवून आहे, हे मला माहीत होतं. तासाभराने उत्तर आलं: प्रामाणिकपणाबद्दल आभार, दहाच्या पुढे मात्र मला थांबता येणार नाही, दुसऱ्याला विचारावं लागेल. मी फोन तसाच सानूच्या हातात दिला. तिने दोन्ही मेसेज दोनदा वाचले.

"हे फॅक्ट आहे," तिने निर्णय दिला. पण त्या दिवशी माझा हात काही धरला नाही.

सोमवारी बँक हॉलिडेची गर्दी लागली, परतीला तीनऐवजी चार तास धरून चला. पूल ओलांडल्यावर मागून हळूच आवाज आला, "आई, समजा मी नाही म्हटलं, तर तू रडशील?"

"बहुतेक," मी म्हटलं. "मला जायचंय गं, फार जायचंय. पण ते माझं रडणं. तू ते मोजायचं नाहीस."

"ओके," ती म्हणाली, आणि मग, "बाबा, अराव्ह."

घरी पोचल्यावर बॅगा दारातच टाकून सानू टी-बॅग्जचं रिकामं खोकं घेऊन आली. चाकूने फट पाडली, वर लिहिलं, मतपेटी. तिघांना सारखे कागद, सारख्या पेन्सिली. एकेकाने वरच्या खोलीत जाऊन लिहून यायचं. बोटाला जांभळं फेल्टपेन. बराजवरचा कागद तिने आमच्यादेखत फाडून टाकला. "ते फेक इलेक्शनचं होतं," म्हणाली.

मी 'हो' लिहिलं. पोरीसाठी 'नाही' लिहावं असं जिन्यात मनात आलं होतं, पण परत खोटंच झालं असतं ते.

सानूने खोकं टेबलावर पालथं केलं. पहिली चिठ्ठी, "हो." दुसरी, "नाही." निखिलने शांतपणे चहाचा घोट घेतला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने 'बघू' सोडून सरळ 'नाही' लिहिलं होतं, आणि खरं सांगते, मला त्याचं कौतुक वाटलं. तिसरी चिठ्ठी तिची स्वतःची.

"हो. पण त्याला सुट्टी म्हणायचं नाही. मेगनला मी सांगणार. आणि परत कधी यायचं ते पण असंच ठरवायचं."

निखिलने घसा साफ केला. "सानू, चिठ्ठीवर हो-नाहीशिवाय काही लिहिलं तर ती बाद होते ना? तुमच्या मराठी वर्गाच्या बाईंचा नियम."

मला वाटलं ती रडणार. तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली, जांभळ्या बोटाने घड्या सपाट केल्या आणि बापाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बाद नाही. हे माझं मत आहे."

माझं मत. या वेळी कुणाला चूक सुधारावी लागली नाही. निखिल म्हणाला, "हरलो बुवा. दोनास एक. आता माझ्या कॉफीच्या मशीनचं काय करायचं ते बोला."

मंगळवारी दहाला पाच कमी असताना मी हेलनला हो कळवलं, आणि या वेळी 'सगळे खूश आहेत' म्हटलं नाही. म्हटलं, दोन मतं बाजूने, एक विरोधात, आणि तीन अटी. ती हसली, म्हणाली, बऱ्याच सरकारांपेक्षा बरं आहे.

आता लोक विचारतात, मग काय कळलं थायलंडबद्दल? खरं सांगू, फार काही नाही. तिथे तुळस खातात. 'ख्रप' म्हणजे दर वेळी हो नसतं. जेवलीस का विचारलं तर उत्तर खरं द्यायचं. बाकीचं जाऊन बघू, आणि हा 'बघू' खरा बघू आहे. काकूंचं रोप खिडकीत लागलंय. विमानात नेता यायचं नाही, म्हणून मेगन ते सांभाळणार आहे. सांगताना दोघी शाळेच्या गेटपाशी भरपूर रडल्या, आणि मग पिझ्झा खायला गेल्या.

रविवारी चिंचवडला आईला फोन लावला. तिला ओझरतं काहीतरी कळलं होतं. "काय गं," ती म्हणाली, "थायलंडला जाताय म्हणे? सुट्टीला का?"

सानू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ऐकत होती.

"नाही आई," मी म्हटलं. "राहायला."